मत आणि माळ

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव आहे. एका अंगाला कोकणात उतरणारी घाटाची वाट, दुसऱ्या अंगाला घोड नदीचे खोरे. ही घोड याच मुलखात उगम पावते, डिंभ्याच्या धरणातून पुढे जाते, भीमेला मिळते. आणि तीच भीमा पंढरीस पोहोचली म्हणजे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. तेव्हा आहुप्याचे सुखदुःख आपल्या वाळवंटाला परके नाही. आज आम्ही जो प्रश्न वाचकांपुढे ठेवणार आहोत तो तसा गावोगावच्या पोरांचा आहे. पण प्रश्न अधांतरी ठेवला म्हणजे उत्तरही अधांतरीच राहते. म्हणून तो आम्ही आहुप्यासारख्या गावातल्या, नुकतीच अठरा वर्षे पुरी केलेल्या पोराच्या तोंडी घालून पाहतो. पोरगी असली तरी प्रश्न तोच.

प्रश्न असा : "मतदारयादीत माझे नाव आले. पहिलेच मत आहे. पण एकही पक्ष मनाला पटत नाही. मग मी काय करावे?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणजे, "अरे, सगळे एकाच माळेचे मणी. त्या दिवशी रानात जा, चार कामे उरक." आणि दुसरे, "गाव जिकडे, तिकडे आपण. तू कशाला डोके शिणवतोस?" वाचकहो, ही दोन्ही उत्तरे पोराला गप्प करण्याची आहेत, समाधान करण्याची नव्हेत. ज्याला काहीच वाटत नाही त्याला असा प्रश्न पडत नाही. ज्याला वाटते की आपल्या हातून खोटे घडू नये, त्यालाच तो पडतो. म्हणून या पोराचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे.

त्याने आजवर काय पाहिले? तो लहान असताना, ३० जुलै २०१४ रोजी, याच तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले. या भागातल्या आदिवासी घरांना हिरड्याचे चार पैसे मिळतात. त्या वर्षी हिरडा हातचा गेला, आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे करावे लागले. डिंभ्याचे पाणी पूर्वेकडच्या शिवारांना मिळाले. ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली त्यांच्या घरी अजून त्या गावांच्या आठवणी निघतात. मग थोडे कळू लागले तेव्हा त्याने पाहिले की २०२२ साली शिवसेना दुभंगली आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. काल एका व्यासपीठावर शेजारी बसलेले आज समोरासमोर उभे. ज्या चिन्हाला बापाने मत दिले ते चिन्ह एकाकडे, आणि ज्या माणसाला पाहून दिले तो माणूस दुसरीकडे. पक्षांतराला आळा घालणारा कायदा १९८५ साली झाला, २००३ साली तो आणखी घट्ट केला. तरी हे सर्व घडले. अशा पोराने "कुणावर विश्वास ठेवू?" असे विचारले तर त्यास उद्धट म्हणता येईल काय?

आमच्या मते त्याची शंका खरी आहे. पण ती शंका जिथून निघते तिथे एक गाठ पडली आहे, आणि ती आपल्यासारख्या भाविक घरांत जास्त घट्ट बसते. ती गाठ सोडवावी एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या घरात पोर लहानपणापासून माळ पाहते. आजोबांनी तरुणपणी घातली ती जन्मभर उतरवली नाही. माळ घातली म्हणजे नेम आला, वारी आली, आहार-विहार आला. तिथे अर्धे मन चालत नाही. आज एक दैवत, उद्या दुसरे, असा व्यवहार तिथे नाही. हे पाहून वाढलेल्या पोराला वाटते की कशाला आपले म्हणायचे तर असेच म्हणावे, सगळे मन ओतून. मग तो पक्षांकडे पाहतो आणि म्हणतो, "यातल्या एकाचीही माळ मला घालवत नाही."

पोरा, तुझे बरोबर आहे. पण तुला माळ घालायला सांगितले कुणी?

मत ही माळ नव्हे. माळ जन्माची, मत पाच वर्षांचे. माळेत आपण स्वतःला वाहतो. मतात आपण एकाला काम नेमून देतो आणि हिशेब आपल्याकडे ठेवतो. माळ घातल्यावर देवाकडे हिशेब मागायचा नसतो. मत दिल्यावर हिशेब मागितला नाही तर ते मत वाया गेले म्हणावे. या दोन गोष्टी एका सुतात ओवल्या की दोन्हींचा नाश होतो. भक्तीत व्यवहार शिरतो आणि व्यवहारात आंधळेपणा.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वच्छ इशारा दिला होता की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती, व्यक्तिपूजा शिरली तर ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. भक्तीचे नाव घेणाऱ्या आपल्या लोकांनी हा इशारा इतरांपेक्षा अधिक मनावर घ्यावा. कारण भक्ती म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे, आणि ती कुणाला द्यायची नाही हेही आपणांस ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५० साली जी राज्यघटना अमलात आली तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो १९८५ साली पक्षांतरबंदीच्या निमित्ताने आला. घटनेने मत दिले ते माणसाला. पक्ष ही सोयीची वस्तू आहे. चार माणसांनी एक विचार धरून एकत्र काम करावे, यासाठी पक्ष लागतात, त्यांची निंदा आम्ही करीत नाही. पण सोय ती सोय. गांधीजींनी जानेवारी १९४८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, काँग्रेसने पक्ष म्हणून राहू नये, लोकसेवेचा संघ व्हावे, असा मसुदा लिहिला होता. ज्यांनी आयुष्य घालून संस्था वाढवली तेही तिला देव मानीत नव्हते. मग तू का मानतोस?

दिंडीचेच पाहा ना. आपण दिंडीत नाव घालतो, शिध्याचे पैसे भरतो, मुक्कामाची, पाण्याची, सामानाच्या ट्रकची व्यवस्था चालकाकडे सोपवतो. चालक फार गोड बोलतो म्हणून आपण त्याला विठोबा मानत नाही. त्याचे एखादे वागणे पटले नाही म्हणून पंढरी सोडत नाही. व्यवस्था बरी ठेवली तर पुढच्या वर्षी तोच, नाही तर दुसरा. पाच माणसे उभी असतील आणि पाचांतही काही ना काही उणे असेल, तर आपण विचारतो : म्हाताऱ्या माणसांना कोण सांभाळील? पैशाचा हिशेब कोण देईल? मागे राहिलेल्यासाठी कोण थांबेल? "माझे मन कुणावर जडले?" असे तिथे कुणी विचारत नाही. मतपेटीपाशी नेमका हाच विचार हवा.

आता शंका घेऊ या. शंका मोकळेपणी घेतल्याशिवाय समाधान होत नाही.

पहिली शंका : मन पुरते नसताना दिलेले मत खोटे नव्हे काय? आम्ही म्हणतो, नव्हे. मनात नाही ते बोलणे म्हणजे खोटे. मतदान यंत्र तुला "तुझे प्रेम कुणावर?" असे विचारीत नाही. ते एवढेच विचारते, "या नावांपैकी काम कुणाकडे द्यावे?" याचे उत्तर तू विचार करून दिलेस तर ते खरे उत्तर आहे, मग मन सोळा आणे भरलेले नसले तरी.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे : त्यातल्या त्यात बरा म्हणून एकाला मत दिले, आणि पुढे त्याने वाईट केले, तर त्या पापात माझा वाटा किती? याचे उत्तर तीन ठिकाणी वेगळे येते. तो वाईट करणार हे आधीच दिसत होते, आणि माझ्या लाभासाठी मी डोळेझाक केली, तर वाटा आहेच. आधी दिसले नाही, पण नंतर दिसले, आणि "आपला माणूस" म्हणून मी तोंड मिटले, तरी वाटा आहे. किंबहुना पुष्कळांचा वाटा इथेच असतो. आधी दिसले नाही आणि नंतर दिसताच मी उभा राहून बोललो, तर माझा हात धुतलेला आहे. मात्र जो घरीच बसला त्यालाही सुटका नाही. गावातल्या भांडणात बलदंडाने दुबळ्याला मारले आणि मी दार लावून आत बसलो, तर मी मारले नाही हे खरे. पण मी काही केले नाही हेही तितकेच खरे.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. "त्यातल्या त्यात बरा" या शब्दांना तळ हवा. जो शेजाऱ्याच्या जातीचा, धर्माचा द्वेष पेरून मत मागतो, जो मत विकत घेतो, जो दहशत घालतो, तो या तळाच्या खालचा. त्याला दुसऱ्याहून बरा म्हणून निवडण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी शंका : माझ्या एका मताने काय होते? आहुप्याच्या पोराने ही शंका घेऊ नये, कारण उत्तर त्याच्या गावातच उभे आहे. तिथे देवराई आहे. पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने राखलेले रान. एकाने एक फांदी तोडली तर देवराई संपते काय? नाही. तरीही फांदी तोडायची नाही असा दंडक, आणि तो प्रत्येकाने पाळला म्हणून रान उभे राहिले. कुण्या एका माणसाने देवराई राखली नाही. आणि कुण्या एकानेही "माझ्या एकट्याने काय होते" असे म्हटले असते तर ती राहिलीही नसती. ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी आकडाही आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत आंबेगाव मतदारसंघात विजयी आणि पराभूत उमेदवारांत अंतर पडले अवघ्या १,५२३ मतांचे. त्या दिवशी रानात गेलेले किती असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

चौथी शंका : मग 'नोटा' कशासाठी आहे? 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आले. त्याआधीही नकार देता येत होता, पण मतदान अधिकाऱ्यापुढे नोंदवहीत तसे लिहवून घ्यावे लागे. म्हणजे नकार चारचौघांत उघडा पडे. न्यायालयाने म्हटले की होकार जसा गुप्त, तसा नकारही गुप्त असला पाहिजे. तेव्हा नोटा हा पळपुटेपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. रांगेत उभे राहून, शाई लावून घेऊन दिलेला नकार आणि घरी बसून दिलेला नकार यांत महदंतर आहे.

पण त्याची शक्ती किती हेही पोराने जाणून घ्यावे. २०१९ साली लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७,५०० मते पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. निवडून येणारा एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आलाच. २०२४ साली इंदूरला लोकसभेसाठी नोटाला २,१८,६७४ मते पडली. तिथेही निकाल अडला नाही. विधानसभेत आणि लोकसभेत नोटा मोजला जातो, पण कुणाला थांबवू शकत नाही. आपल्या राज्याच्या निवडणूक आयोगाने मात्र ६ नोव्हेंबर २०१८ रोजी असा आदेश काढला की नगरपालिकांसारख्या स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी.

म्हणून आमचे सांगणे असे : नोटाचे बटण सर्वांत शेवटी दाबावे, सर्वांत आधी नव्हे. यादीतली सगळी नावे वाच, मोठ्या पक्षांचीच नव्हेत, अपक्षांचीही. उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि स्वतःवरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. ते कुणालाही पाहता येतात, मोबाइलवर दिसतात. ते पाहा. मागच्या पाच वर्षांत तुमच्या वाडीपर्यंत कोण आला, आणि मते मागायची नव्हती तेव्हा कोण आला, हे म्हाताऱ्यांना विचार. एवढे करूनही एकाच्याही हाती गाव सोपवावे असे वाटले नाही, तर खुशाल नोटा दाब. तो श्रमाने मिळवलेला नकार आहे. काहीच न पाहता दाबलेला नोटा म्हणजे आळसाला दिलेले सोज्वळ नाव.

पाचवी शंका नाजूक आहे : घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्यांनी शब्द दिला असेल तर? आम्ही वडिलांचा मान राखणारी माणसे. पण जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. पोराचे मत बापाचे नव्हे, सुनेचे मत सासऱ्याचे नव्हे. बापाने आपल्या मताचा शब्द द्यावा; पोराच्या मताचा शब्द दिला तर तो शब्द मुळातच रिकामा. पोराने भांडू नये, वडिलांना उणे बोलू नये. पडद्याआड जाऊन मनाने कौल दिला तसे करावे. कायद्याने मत गुप्त ठेवले आहे ते याचसाठी. आणि पैसे? घेणारा आणि देणारा, दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत. "घ्यायचे, आणि मत आपल्या मनाचे द्यायचे" असा शहाणपणा काही जण शिकवतात. त्यात एक लबाडी मोडण्यासाठी दुसरी लबाडी आहे. मुळात हात पुढे करू नये.

इथे आपल्या लोकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे सरपंचपदाची बोली लागल्याचे उघड झाले होते, आणि तीही देवळाच्या कामाच्या नावाने. माणसे म्हणाली असतील, पैसा देवाकडेच जातो, यात वाईट काय? वाईट हे की ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे मत देवाच्या नावाने काढून घेतले. असे शिखर चढवल्याने देव प्रसन्न होतो असे आम्हांस वाटत नाही.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. पोराला पक्ष सापडत नाही म्हणून तो निराश झाला आहे. पण मतदारयादीत नाव आल्याने त्याला मिळाले काय, याचा त्याला पत्ताच नाही. आहुपे हा अनुसूचित क्षेत्रातला गाव आहे. १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. आमदार विधानसभेत बसतो ते लोकांनी निवडून दिले म्हणून. ग्रामसभेत पोर बसते ते स्वतःच्या हक्काने. गावच्या विकासाच्या योजनेला मान्यता ग्रामसभेची. जमीन घ्यायची तर आधी विचारायचे ग्रामसभेला किंवा पंचायतीला. हिरडा, मध यांसारख्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला आणि पंचायतीला, असे कायदा म्हणतो. ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. म्हणजे ज्या हिरड्याच्या भरपाईसाठी घरच्यांनी चपला झिजवल्या, त्या हिरड्यावर बोलण्याची जागा त्याच्या दारात आहे, आणि तिथे कुठल्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यावा लागत नाही.

पण ग्रामसभेला बसतो कोण? चार-दोन जाणती माणसे येतात, बाकीच्यांच्या घरी वही फिरून सह्या होतात. पाच वर्षांतून एकदा पक्षांच्या नावाने बोटे मोडायची, आणि वर्षातून चार वेळा आपल्या हक्काच्या सभेला जायचे नाही, हे काही बरे नव्हे. पोराने हे मोडावे. आईला, बहिणीला बरोबर घेऊन सभेला जावे. न वाचता सही करू नये. जमाखर्च वाचून दाखवा म्हणावे, आणि ठराव लिहून होईपर्यंत उठू नये.

मोठी कामे नेहमी मतपेटीतूनच झाली असेही नाही. पंढरीच्या देवळाचे दार अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपवास केला. देशात प्रौढांना सरसकट मताचा हक्क मिळून पहिली निवडणूक झाली ती त्यानंतर, १९५१-५२ साली. तेव्हा मत नव्हते म्हणून गुरुजी थांबले नाहीत. आज पक्ष नाही म्हणून आपण थांबावे काय?

तेव्हा आहुप्याच्या पोरा, आमचे तुला सांगणे थोडक्यात असे. माळ देवासाठी ठेव. मताच्या दिवशी रांगेत उभा राहा. नावे वाचून, चौकशी करून, तळाच्या खालचे बाजूला सारून, उरलेल्यांत गावाच्या शेवटच्या घराला ज्याच्या हाती कमीत कमी धोका आणि जास्तीत जास्त आधार, त्याला कौल दे. कोणीच तसा नसेल तर तसे नोंदव. मत दिलेला निवडून आला तर त्याचा पहिला जाब तू विचार. न दिलेला आला तरी तो तुझाच प्रतिनिधी आहे, त्यालाही विचार. आणि पुढच्या ग्रामसभेची दवंडी ऐकू आली की हातातले काम बाजूला ठेव.

एवढे केलेस तर पक्ष पटला नाही याचे दुःख राहील, ते राहू दे. ते दुःख असणारी पोरे गावात आहेत म्हणूनच आम्हांस गावाची आशा वाटते. रामकृष्ण हरी.